यादीतलं घर

श्रोतेहो, नमस्कार.

मी बडोद्यातल्या एका कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, आणि त्यातली बरीचशी डेडस्टॉक रजिस्टर सांभाळण्यात गेली. लाकडी खुर्ची, हात मोडलेली, एक. टेबलपंखे, नादुरुस्त, दोन. दर मार्चला खोलीखोलीत हिंडायचं, मोजायचं, लिहायचं. या कामाचं कुणी कौतुक केल्याचं मला आठवत नाही. म्हणून आजची गोष्ट मी जरा तोऱ्यातच सांगणार आहे.

लेक अ‍ॅम्स्टरडॅमला असते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले, तेव्हा ती मला रेम्ब्राँचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या नामवंत डच चित्रकाराचं, घर दाखवायला घेऊन गेली. चित्रांच्या बाबतीत आपण बडोदेकर तसे लाडावलेले. पाहुणे आले की फत्तेसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं, मग कमाटीबागेतली पिक्चर गॅलरी, आणि परतताना शेवउसळ. पण चित्रकार जेवायचा कुठे, झोपायचा कुठे, हे बघायला मी पहिल्यांदाच गेले.

जिना गोल फिरत वर जाणारा, अरुंद, धरायला दोर. माझे गुडघे आणि तो जिना यांचं काही जमलं नाही. स्वयंपाकघरात मोलकरणीचं अंथरूण भिंतीतल्या कपाटात, तेही इतकं आखूड की पाय पसरता येऊ नयेत. तेव्हा लोक अर्धवट बसूनच झोपत, असं तिथे सांगतात.

वरच्या मोठ्या खोलीत, उत्तरेच्या उजेडात तो रंगवायचा. तिथे एक मुलगी सपाट दगडावर रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटत होती, आपल्या पाट्या-वरवंट्यासारखीच. तेलाचा वास आला आणि मला भलत्या ठिकाणी जवसाची चटणी आठवली. दुसऱ्या खोलीत तांब्याच्या पत्र्यावरून छाप काढून दाखवतात. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, आणि शेवटचा हात फडक्याचा नाही, तळहाताचा. मग ओलसर कागद, वर जाड लोकर, आणि यंत्राचं चाक. कागद उचलला की चित्र उलटं उमटलेलं.

पण मी रमले ती भलतीकडेच.

घरातल्या बहुतेक वस्तू रेम्ब्राँच्या नाहीतच. त्या काळातल्या, तशा, शोधून आणून मांडलेल्या. हे कळल्यावर मी जरा हिरमुसले. एवढा खर्च करून यायचं आणि खुर्ची दुसऱ्याचीच! मग लेकीने पुढचं सांगितलं.

हे घर त्याने 1639 साली 13 हजार गिल्डरला (गिल्डर म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन) घेतलं, हप्त्यांनी फेडायच्या बोलीवर. ते हप्ते काही फिटले नाहीत. त्यातून लिलावाला जायची हौस दांडगी: शंख-शिंपले, पोवळी, रोमन बादशहांचे पुतळे, शिरस्त्राणं, दुसऱ्यांची चित्रं. 1656 मध्ये दिवाळं निघालं. जुलैच्या 25 आणि 26 तारखेला सरकारी माणूस आला, एकेका खोलीत शिरला आणि दिसेल ते लिहून घेतलं. 363 नोंदी. सामान विकलं गेलं, 1658 साली घरही गेलं, आणि हा गृहस्थ भाड्याच्या घरात राहायला गेला.

घर 1911 मध्ये संग्रहालय झालं. आतली मांडणी मात्र गेल्या शतकाच्या अगदी शेवटी नव्याने केली. तेव्हा कोणत्या खोलीत काय होतं, हे कळलं ते त्या जप्तीच्या यादीवरून. त्या माणसाने नुसतं ‘किरकोळ सामान, एक खोली’ असं लिहिलं असतं तर? आमच्याकडे असं लिहिणारे मी पाहिलेत. नावं घेत नाही.

यादीत लहान चित्रांचा एक आल्बम होता. तो मुघल चित्रांचा असावा, असं जाणकार मानतात. त्याच सुमारास रेम्ब्राँने मुघल चित्रांवरून स्वतः रेखाटनं केली, शहाजहानचीसुद्धा. त्यातली वीसेक आजही आहेत. डचांची वखार तेव्हा सुरतेत होती, बडोद्याहून गाडीने दोन तासांवर. चित्रं कोणत्या वाटेने गेली कोण जाणे, पण मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्या यादीतली शेवटची नोंद घरात नसलेल्या कपड्यांची आहे. सदरे, रुमाल, कॉलरी: धुवायला दिलेले. म्हणजे सगळं मोजून झाल्यावर त्या माणसाने विचारलं असणार, बाहेर काही गेलंय का? हे फक्त रजिस्टरवालाच विचारतो. आम्हीही शेवटी लिहायचो, ‘दुरुस्तीस पाठवलेले’.

मी किती वेळ तिथे उभी होते कुणास ठाऊक. लेक दोन खोल्या पुढे जाऊन परत आली. ‘आई, चित्रं तिकडे आहेत. इथे काय बघतेस?’

‘थांब गं,’ म्हटलं, ‘टॅली करतेय.’