गुरुवारचा अंक

शिकागोत भाड्याचे घर शोधणारा माणूस एके काळी गुरुवारची वाट पाहत असे, कारण त्या दिवशी ‘शिकागो रीडर’ या साप्ताहिकाचे गठ्ठे दुकानांच्या आणि बारच्या दारांत येऊन पडत. एक पैसाही न देता अंक उचलायचा आणि छोट्या जाहिरातींच्या बारीक टाइपातल्या ओळींवर पेन्सिलीने खुणा करत बसायचे.

कार्लटन कॉलेजात एकत्र शिकलेल्या रॉबर्ट रॉथ आणि त्यांच्या मित्रांनी १ ऑक्टोबर १९७१ रोजी १६ पानांचा पहिला अंक काढला. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ने १९५५ पासून पर्यायी साप्ताहिकाची वाट घालून दिली होती, पण ते विकत घ्यावे लागे, या मंडळींनी किंमतच ठेवली नाही. यात परोपकार नव्हता. फुकटचा अंक अधिक हातांत जाईल आणि त्या हातांमागे जाहिरातदार येतील, असा तो रोकडा हिशेब होता, आणि तो जमला.

त्या हिशेबातून लेखकांना मिळाला तो वेळ. दोन पोलिसांच्या खुनाबद्दल शिक्षा झालेल्या अँड्र्यू विल्सन या कैद्याने पोलिसी छळाबद्दल दिवाणी दावा लावला होता. १९८९ मध्ये त्याची सुनावणी चालली, तेव्हा ‘रीडर’चे जॉन कॉनरॉय न्यायालयात बसून होते. विल्सनच्या कानांवर विजेचे झटके देण्यासाठी लावलेल्या चिमट्यांचे व्रण होते, अंगावर तापलेल्या रेडिएटरने भाजल्याच्या खुणा होत्या. अशा माणसाची बाजू ऐकायला शहर उत्सुक नव्हते. तरीही जानेवारी १९९० मध्ये कॉनरॉय यांचा प्रदीर्घ वृत्तान्त छापून आला आणि त्यानंतरही ते वर्षानुवर्षे याच विषयावर लिहीत राहिले. छळाचा आरोप असलेले पोलीस अधिकारी जॉन बर्ज १९९३ मध्ये बडतर्फ झाले. फौजदारी खटला मात्र तेव्हा उभा राहिला नाही.

दरम्यान क्रेगलिस्टसारख्या संकेतस्थळांवर घराची जाहिरात फुकट देता येऊ लागली आणि वाचकाला अंक फुकट देणाऱ्यांचे उत्पन्नच आटले. २००७ मध्ये ‘रीडर’ विकले गेले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कॉनरॉय यांच्यासह चार अनुभवी वार्ताहरांना नोकरीवरून कमी करण्यात आले.

बर्ज यांना अटक झाली ती ऑक्टोबर २००८ मध्ये. छळाच्या गुन्ह्याबद्दल खटला भरण्याची मुदत तोवर उलटून गेली होती, म्हणून आरोप ठेवला गेला तो शपथेवर खोटे बोलल्याचा.