डॅनबरीचा दोन हंगामांचा संघ

मंडळी, आज बोलायचंय ते बर्फावरच्या हॉकीबद्दल. अमेरिकेत या खेळाच्या शिखरावर एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, आहे, आणि तिच्याखाली लहान शहरांच्या कितीतरी लीग. तिथे संघ जन्मतात, चार दिवस नांदतात आणि बंद पडतात. पण कनेटिकट राज्यातल्या डॅनबरीचा 'ट्रॅशर्स' संघ ज्या कारणाने बंद पडला, ते समजून घेण्यासारखं आहे.

२००४ साली जेम्स गॅलान्टे यांनी युनायटेड हॉकी लीगमध्ये हा संघ उतरवला. त्यांचा धंदा कचरा उचलण्याचा, म्हणून संघाचं नाव 'कचरावाले'. सगळा कारभार त्यांनी आपल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या, ए. जे.च्या हाती दिला. त्याने मारामारीला न घाबरणारे खेळाडू जमवले. त्याच हंगामात मालक आणि खेळाडूंच्या वादातून एनएचएल पूर्ण बंद राहिली, त्यामुळे माइक रपसारखा खेळाडूही डॅनबरीत आला. याच रपने २००३ मध्ये स्टॅनली कपचा, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा, निर्णायक गोल केला होता! स्टेडियमच्या सेक्शन १०२ मधले प्रेक्षक तर पाहुण्या संघाला सळो की पळो करून सोडत. टोप्यांचे कारखाने गेल्यावर ओळख हरवलेल्या त्या शहराला अभिमानाने मिरवायला काहीतरी मिळालं होतं, आणि ते प्रेम खरं होतं, असं मी ठामपणे म्हणेन.

आता पैशाकडे येऊ. लहान लीग तिकिटांवर जगते. एका श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू विकत घेतले तर बाकीची शहरं कोलमडतात, म्हणून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. इथे ती २ लाख ७५ हजार डॉलर होती. गॅलान्टे यांनी खेळाडूंना आपल्या कंपन्यांमध्ये कागदोपत्री नोकऱ्या दाखवल्या आणि वरचा पगार तिथून दिला. कचऱ्याच्या धंद्यातही त्यांची रीत हीच. कोणतं गिऱ्हाईक कोणाचं हे ठेकेदारांनी आधीच वाटून घ्यायचं, म्हणजे स्पर्धा नाही आणि दर चढे. या व्यवस्थेला माफियाचं संरक्षण होतं. म्हणजे ज्या परिसराने संघाला डोक्यावर घेतलं, तिथल्याच घरांनी आणि दुकानांनी त्याचा खर्च वाढीव बिलांतून भरला होता. मला मारामारीपेक्षा ही पगाराची लबाडी जास्त गंभीर वाटते. नियम पाळून खेळणाऱ्या इतर संघांशी ती बेइमानी होती.

२००६ मध्ये ट्रॅशर्स अंतिम फेरीत कॅलमझू विंग्जकडून हरले. जूनमध्ये गॅलान्टे यांच्यावर आरोपपत्र आलं आणि संघ संपला. २००८ मध्ये त्यांनी गुन्हे कबूल केले आणि ८७ महिन्यांची शिक्षा झाली. कबुलीत पगाराची ती फसवणूकही होती.

शहराने मात्र हॉकी सोडली नाही. २०१० ते २०१५ तिथे व्हेलर्स नावाचा संघ खेळला, आणि २०१९ पासून त्याच बर्फावर हॅट ट्रिक्स नावाचा संघ खेळतो. त्या नावात आता टोप्या परत आल्या आहेत.