सायडर आणि त्यातला तुरटपणा

आवाज मागेपर्यंत येतोय ना? ग्लास इतक्यात उचलू नका, दोन मिनिटं दम धरा. या बाटल्या सायडरच्या, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूच्या, इथे इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या एका शेतकऱ्याकडच्या आहेत, वडिलांपासून चालत आलेली बाग, धंदा एवढासाच. १९७६ साली ७,००० लिटरपर्यंत सायडर करणाऱ्यांना ड्युटी, म्हणजे त्यावरचा कर, माफ झाली म्हणून अशी माणसं टिकली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता माझी तक्रार ऐकाच. मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून मित्र आला होता, त्याला हौसेने एका पबमध्ये नेलं, नाव घेत नाही, तर तिथे असंच शेतावरचं सायडर होतं आणि त्या मुलाने ग्लास काठोकाठ बर्फाने भरून वर ते ओतलं! मी म्हटलं अरे बाबा बर्फ नको, तर म्हणे सायडर असंच पितात. मित्राने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाला, "हे आंबलंय रे." तो बिचारा काय चुकला? गारठ्यात वास मरतो, गोडवा दबतो आणि तुरटपणा तेवढा अंगावर येतो. अजून राग जात नाही माझा. (हसा हसा, पण तुमच्यापैकी कितीजण घरी तेच करता?)

आणि हो, इथल्या नियमात ३५ टक्के रस असला तरी त्याला सायडर म्हणता येतं! बाकी पाणी, साखर. एकेकाळी शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरमध्येच द्यायचे, ते १८८७ साली कायद्याने बंद झालं, पण तो विषय वेगळा, त्यावर बोललो तर जेवण थंड होईल.

पाच मिनिटं राहिली अशी खूण होतेय, मग मुद्दा पटकन सांगतो. ही सफरचंदं खायची नव्हेत. किंग्स्टन ब्लॅक ही जात चावून बघा, आवळ्यासारखी जीभ आवळते, ते टॅनिन, आणि त्यात आंबटपणाही भरपूर, म्हणून एकट्या जातीचंही सायडर जमतं. डॅबिनेटमध्ये टॅनिन असतं पण आंबट कमी. शरदात फळं दळायची, लगदा दाबायचा, यीस्ट फळावरचं आणि पिंपातलंच, हिवाळाभर गारव्यात हळूहळू आंबत राहतं. घाई केली की सुगंध उडतो.

तर आता ग्लास घ्या. तळघराच्या गारव्याइतकं, १०-१२ डिग्री, बर्फ नाही. गढूळ आहे, फसफसत नाही, घाबरू नका. आधी वास, मग छोटा घोट, जिभेवर फिरवा, गिळल्यावर हिरड्यांना काय वाटतं ते बघा. आपण सुपारी, जांभूळ, आवळा खात वाढलेली माणसं, तुरट चव आपल्याला इथल्या कित्येकांपेक्षा लवकर कळायला हवी, हेच मला आज सांगायचं होतं. दुसरी बाटली डॅबिनेटची, ती चीजबरोबर घ्या. गाडी चालवणाऱ्यांनी फक्त वास घ्या, हे साडेसहा टक्के आहे.