ख्रिस बार्बर आणि त्याची माणसं

नमस्कार.

ब्रिटिश जॅझवादक ख्रिस बार्बरच्या बँडची दोन ध्वनिमुद्रणं जगभर गेली. एक 'रॉक आयलंड लाइन' आणि दुसरं 'पेतित फ्लर'. बार्बर ट्रम्बोन वाजवायचा, आणि या दोन्हींत ट्रम्बोनचा एक सूरही नाही. पहिल्यात बँडचा बँजोवाला लॉनी डॉनेगन गिटार घेऊन गातो आणि बार्बर त्याच्यामागे डबल बास धरतो. दुसऱ्यात माँटी सनशाइनची क्लॅरिनेट आहे, सोबतीला गिटार, बास आणि ड्रम्स. त्यात बार्बर वाजवतच नाही. १९५९मध्ये ही रेकॉर्ड ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या आणि अमेरिकेच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेली, आणि तिच्या मुद्रणात तिचा बँडप्रमुख नुसता बसलेला होता!

मला आज बोलायचं आहे ते या बसण्याबद्दल. इतक्या सहजपणे बाजूला होणारा आणि तरीही बँड हातातून न सोडणारा दुसरा प्रमुख मला जॅझमध्ये सापडलेला नाही.

इथे बरीच मंडळी शास्त्रीय संगीत ऐकणारी आहेत, म्हणून आधी या शैलीविषयी थोडं सांगतो. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझमध्ये पुढच्या रांगेत तीन वाद्यं असतात. ट्रम्पेट मूळ चाल धरून ठेवते, क्लॅरिनेट तिच्या वरून गिरक्या घेत फिरते आणि ट्रम्बोन खालून दोघांना आधार देतो. मागे बँजो, बास आणि ड्रम्स ठेका सांभाळतात. आपल्याकडे पेटीवाला गायकाने घेतलेली जागा क्षणभराने टिपतो. इथे तिघंही एकाच वेळी, जागच्या जागी सुचेल ते वाजवतात आणि तरी गोंगाट होत नाही. तो होऊ न देण्याचं बरंचसं काम ट्रम्बोनचं. चाल एका कॉर्डवरून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीवरून, दुसऱ्या कॉर्डवर जाताना तो नळी सरकवून मधली वाट दाखवतो. त्यासाठी त्याला इतर दोघांचं सतत ऐकावं लागतं. बार्बरचा स्वभाव या वाद्याने घडवला की त्याने स्वभावाला साजेसं वाद्य निवडलं, ते सांगता येणार नाही. पण दोन्ही एकमेकांना शोभतात.

त्याचा जन्म १७ एप्रिल १९३०चा, लंडनच्या उत्तरेला वेल्विन गार्डन सिटीत. घर शिकलेलं आणि डाव्या विचारांचं. विमा-गणिताच्या वाटेला लागलेला हा मुलगा ते सोडून लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात ट्रम्बोन आणि डबल बास शिकायला गेला. पण जॅझ शिकायचं कुणाकडून? दोन देशांच्या वादक संघटनांमधल्या वादामुळे १९३०च्या दशकाच्या मध्यापासून १९५६पर्यंत अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवणं जवळपास अशक्य होतं. त्यामुळे या पिढीचे गुरू म्हणजे तबकड्या. न्यू ऑर्लिन्सच्या किंग ऑलिव्हरच्या १९२३च्या, खरखर करणाऱ्या तबकड्या ऐकून ऐकून ही मुलं शिकली. न्यू ऑर्लिन्सचाच वादक सिडनी बेशे याचं 'पेतित फ्लर' माँटी सनशाइनने असंच तबकडीवरून उचललं. त्याचं यंत्र थोडं जलद फिरत होतं, म्हणून त्याने ते अर्धा सूर वर बसवलं, असं सांगतात. तीच पट्टी मग जगाच्या कानात बसली.

आता केन कॉलियर. त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. हा ट्रम्पेटवाला व्यापारी जहाजावर नोकरीला लागला तो न्यू ऑर्लिन्सला पोचायचं म्हणून. अलाबामातल्या मोबाइल बंदरात तो उतरला, तिथून न्यू ऑर्लिन्स गाठलं आणि जॉर्ज लुईसच्या बँडमधल्या वयस्कर कृष्णवर्णीय वादकांसोबत जाऊन बसला. व्हिसाची मुदत उलटली, तुरुंगवास झाला आणि १९५३मध्ये त्याला परत पाठवलं. इकडे बार्बर आणि सनशाइन यांनी धंदेवाईक बँडची जुळवाजुळव केलेली होती. त्यांनी कॉलियरला प्रमुख केलं. जो तिथे जाऊन, त्या माणसांत बसून वाजवून आला, त्याचा मान पहिला. विशीतल्या बार्बरला हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

वर्षभरात मतभेद झाले. कॉलियरला मागची तालाची माणसं बदलायची होती आणि बाकीच्यांना ते मान्य नव्हतं. शेवटी कॉलियर गेला, बँड राहिला आणि त्यावर बार्बरचं नाव आलं. कॉलियरचा हट्ट मला समजतो. त्या म्हाताऱ्या वादकांकडून जे मिळालं, त्यात तसूभर फरक करणं त्याला पाप वाटे. बार्बरला न्यू ऑर्लिन्सइतकंच ड्यूक एलिंग्टनच्या मोठ्या जॅझ बँडचं आणि ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गाण्याचंही वेड होतं. दोघंही सच्चे होते. एका बँडमध्ये मात्र मावणारे नव्हते.

कॉलियरच्या जागी आला पॅट हॅलकॉक्स. १९५३मध्येही त्याला विचारलं होतं, पण तेव्हा रसायनशास्त्र सोडवेना, म्हणून तो नाही म्हणाला होता. ३१ मे १९५४ला आला तो २००८ साली निवृत्त होऊनच गेला. ५४ वर्षं एकाच बँडमध्ये पहिली ट्रम्पेट! आपल्याकडे गायक आणि तबलजीच्या जोड्या टिकतात, पण वर्षाचे कित्येक महिने गाडीतून एकत्र फिरून, रोज तीच माणसं पाहून, रात्री पुन्हा ताजं काही वाजवायचं, हे अर्धशतक कसं जमलं असेल? हॅलकॉक्सचा स्वर भरदार होता आणि त्यात घाई अजिबात नव्हती. चाल तो अशी मांडायचा की क्लॅरिनेटला हवं तिथे हिंडता यावं.

नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, हा बँड मी प्रत्यक्ष ऐकला. एका लहान गावातलं सभागृह होतं आणि प्रेक्षक बहुतेक माझ्याहून मोठे. बार्बर भरभर बोलायचा. प्रत्येक रचनेआधी ती कुणाची, पहिल्यांदा कुणी वाजवली, त्यात कोणत्या वादकाने काय केलं, हे सगळं तो सांगे. ते इतकं ओघात असे, जणू ती माणसं शेजारच्या गल्लीत राहतात. मग इयन व्हीलर आणि जॉन क्रॉकर यांच्या क्लॅरिनेटची जुगलबंदी, किंवा व्हिक पिटचा बासवरचा एकलभाग सुरू झाला की तो ट्रम्बोन खाली ठेवून कडेला जाई आणि मान डोलावत ऐके. ते नाटक नव्हतं. रोज ऐकलेल्या माणसाकडून आज वेगळं काय येतं, याची त्याला खरोखर उत्सुकता असायची. मध्यंतरात वादक लोकांत मिसळले आणि मला माझ्या मोडक्या प्रश्नांची सविस्तर उत्तरं मिळाली. त्या संध्याकाळनंतर मी या बँडच्या जुन्या रेकॉर्ड्स शोधू लागलो.

त्या शोधात मला ऑटिली पॅटरसन भेटली. खरं तर तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. उत्तर आयर्लंडमधल्या कोंबर गावची ही मुलगी, आई लॅटव्हियाची. नोकरी चित्रकला शिकवण्याची. १९५४च्या उन्हाळ्यात ती लंडनला आली आणि या मुलांसमोर जुनी अमेरिकन गायिका बेसी स्मिथची ब्लूज गाणी गायली. जानेवारी १९५५मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ती बँडची गायिका म्हणून उभी राहिली, तेव्हा तिला २३ वर्षंही पुरी झाली नव्हती. लहानखुरी मूर्ती आणि आवाज असा की भिंती भरून याव्यात. उसनी नक्कल कुठेही ऐकू येत नाही. शब्दावर किती रेंगाळायचं हे तिला आतून कळत होतं. १९५९मध्ये तिचं बार्बरशी लग्न झालं. पुढे घशाच्या आणि प्रकृतीच्या तक्रारींमुळे साठच्या दशकात तिचं गाणं कमी होत गेलं, १९८३मध्ये घटस्फोट झाला आणि २०११मध्ये ती गेली. इतकी मोठी गायिका आज मोजक्या लोकांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिच्या १९५०च्या दशकातल्या रेकॉर्ड्स मिळतात, जरूर ऐका.

तिच्या गाण्यामुळे बँडला ब्लूजचा पाया मिळाला आणि बार्बरने पुढचं पाऊल टाकलं. ज्यांच्या तबकड्यांवरून शिकलो, त्या माणसांनाच इकडे आणू या. १९५७मध्ये सिस्टर रोझेटा थार्प आली, १९५८मध्ये सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅगी, त्याच वर्षी मडी वॉटर्स आणि त्याचा पियानोवादक ओटिस स्पॅन. खर्चाचा भार बँडच्या कमाईने उचलला. या पाहुण्यांना स्वतःचा हक्काचा भाग मिळे आणि बँड त्यांच्या साथीला उभा राहत असे. मडी वॉटर्सच्या विजेच्या गिटारचा दणका काही ब्रिटिश श्रोत्यांना सोसवला नाही. पण त्या खुर्च्यांवर बसलेली काही तरुण मुलं घरी जाऊन गिटार घेऊन बसली.

त्याचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत. डॉनेगनच्या 'रॉक आयलंड लाइन'ने १९५६मध्ये घरोघरी स्वस्त गिटार आणि ठेक्यासाठी वॉशबोर्ड, म्हणजे कपडे घासायच्या खाचांच्या पाट्या, पोचवले. लिव्हरपूलला जॉन लेननने पहिला गट काढला तो याच लाटेत. लंडनच्या ज्या मार्की क्लबच्या उभारणीत बार्बरचा वाटा होता, तिथेच जुलै १९६२मध्ये रोलिंग स्टोन्स पहिल्यांदा वाजले. अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस या ब्लूज वाजवणाऱ्या ब्रिटिश वादकांना आपल्या कार्यक्रमात जागा देऊन बार्बरनेच ब्रिटिश रिदम अँड ब्लूजला वाट करून दिली होती. मग बीटल्स आले आणि 'ट्रॅड', म्हणजे या जुन्या पारंपरिक जॅझची लाट दोन वर्षांत ओसरली. कितीतरी बँड बंद पडले. बार्बरने १९६४मध्ये जॉन स्लॉटर हा विजेच्या गिटारचा वादक घेतला. कर्मठ रसिक रागावले, पण बँड चालत राहिला, जर्मनीत तर भरलेल्या सभागृहांत.

२००१मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने बँड अकरा जणांचा केला, कारण एलिंग्टनच्या रचना त्याला तशा वाजवायच्या होत्या. २०१९मध्ये तो निवृत्त झाला आणि २ मार्च २०२१ रोजी, नव्वदीत, त्याचं निधन झालं.

मघाशी सांगितलेल्या त्या अमेरिकन पाहुण्यांच्या काही कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं त्याने जपून ठेवली होती. सुमारे ५० वर्षांनी ती सीडीवर आली. सिस्टर रोझेटा गाते आहे आणि मागे हॅलकॉक्स, सनशाइन आणि बार्बर वाजवत आहेत, असं एक मी आज आणलं आहे. ते आता ऐकू या. प्रश्न असतील तर त्यानंतर घेतो.