ऑर्किडला कोणतं पाणी घालायचं?

(घरगुती बागप्रेमींसमोर पुण्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ऑर्किडला पाणी किती दिवसांनी घालायचं, हे मला सगळेच विचारतात. कोणतं पाणी घालता, असं मी उलट विचारलं की उत्तर येतं, ‘नळाचं.’ पण तुमच्या नळाला धरणाचं पाणी येतं, बोअरचं येतं, की उन्हाळ्यात टँकरचं? एकाच सोसायटीत जानेवारीत एक आणि मे महिन्यात दुसरंच पाणी असतं. आपण मात्र तीच झारी भरून तेच पाणी समजून घालत राहतो.

आपल्या सह्याद्रीतलं सीतेची वेणी हे ऑर्किड बघा. आंब्याच्या, ऐनाच्या फांदीवर मुळं पसरून ती वाढते. तिच्या वाट्याला येतं ते पावसाचं, दवाचं आणि खोडावरून ओघळणारं पाणी. त्यात विरघळलेले क्षार अगदी थोडे. घरात आपण लावतो त्या फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियम, वांडा या जातीही अशाच झाडांवर राहणाऱ्या. त्यांच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं आणि पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. घरी जाऊन जरूर बघा. हे आवरण पाणी झटकन शोषून धरतं, आणि पाण्यातले क्षारही. जास्वंदीच्या कुंडीत माती असते, ती पाण्यातलं बरंच काही सांभाळून घेते. ऑर्किडच्या कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे नाहीतर नारळाची सोडणं. तिथे सांभाळून घेणारं फारसं कोणी नाही.

आता बोअरबद्दल. आपल्याकडचा खडक काळा बेसॉल्ट. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर उतरतात. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो यांचाच. तोच थर विटांच्या तुकड्यांवर आणि कुंडीच्या काठावर दिसला, की मुळांची टोकं तपासा. निरोगी टोक हिरवं, ओलसर, चकचकीत असतं. क्षारांनी भाजलेलं टोक तपकिरी होऊन आक्रसतं आणि मूळ तिथेच थांबतं. शिवाय बायकार्बोनेटमुळे मुळांभोवतीचा सामू (पीएच) चढतो, लोह असूनही झाडाला मिळत नाही, आणि नवं पान पिवळट निघतं. मग आपण खत वाढवतो. खत म्हणजे पुन्हा क्षारच.

पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत, म्हणजे टीडीएस, हे मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. घ्याच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. म्हणून ‘आम्ही पितो ते झाडाला का चालू नये?’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ऑर्किडला 100 ते 150 पर्यंत उत्तम, 200 पर्यंत निभतं, त्यापुढे मी सावध होते. धरणाचं पाणी बहुधा या मर्यादेत बसतं. त्यातल्या नेहमीच्या प्रमाणातल्या क्लोरीनची धास्ती घेऊ नका; रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं तरी पुरे.

बोअरच असेल तर मिसळा. बोअरचं पाणी 600 आणि पावसाचं 20 असेल, तर एक भाग बोअरला तीन भाग पाऊस घेतला की 165 येतं. पावसाचं पाणी धरताना पहिल्या सरी छप्पर धुऊन जाऊ द्या, आणि पिंप घट्ट झाका; डेंग्यूचे डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच होतात. आरओचं शुद्ध पाणीही चालतं. पण आरओच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी ‘वाया जातं’ म्हणून ऑर्किडला घालू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा.

सॉफ्टनरबद्दल, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राबद्दल, जरा जोर देऊन सांगते, कारण नव्या इमारतींत तो सर्रास बसवतात. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, नळावर डाग पडत नाहीत, पण टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि सोडियम तर मुळांना जास्तच घातक. सॉफ्टनरच्या आधीचा नळ शोधा.

पाऊस किंवा आरओ वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. त्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतं, आणि आपलं नेहमीचं 19:19:19 (नत्र, फॉस्फेट, पालाश) खतही ते देत नाही. म्हणून मधूनमधून कॅल्शियम नायट्रेट आणि थोडं मॅग्नेशियम सल्फेट, अगदी पातळ करून, द्यावं. फॉस्फेटवालं खत आणि कॅल्शियम एकाच पाण्यात कालवू नका, साका खाली बसतो. एका आठवड्यात हे, पुढच्या आठवड्यात ते.

आणि महिन्यातून एकदा कुंडीतून साधं, खत नसलेलं चांगलं पाणी भरपूर वाहू द्या. सकाळीच, म्हणजे फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी रात्रीपर्यंत वाळेल. खालच्या बशीत उतरलेलं पाणी लगेच ओतून टाका. धुऊन निघालेले क्षार त्यातच असतात.