पाणी आटलं की शिट्टी होत नाही

श्रोतेहो, नमस्कार. कुकरच्या तळाला पाणी घालायचं राहिलं तर काय होतं, ते तुम्ही जाणता. शिट्टीच होत नाही. आपण वाट बघत बसतो, आणि येतो तो करपल्याचा वास. सुरुवातीच्या काळातल्या, पाण्यावर गार होणाऱ्या विमान इंजिनांचं दुखणं हेच होतं.

१८ मे १९१९. वैमानिक हॅरी हॉकर आणि दिशादर्शक मॅकेंझी-ग्रीव्ह उत्तर अमेरिकेच्या पूर्वेच्या न्यूफाउंडलंड बेटावरून अटलांटिक ओलांडायला निघाले. 'डेली मेल' या ब्रिटिश वृत्तपत्राचं दहा हजार पौंडांचं बक्षीस होतं. विमान सॉपविथ कंपनीचं, इंजिन एकच, रोल्स-रॉइस ईगल. वजन घटवायला चाकंसुद्धा टाकून दिलेली. काही तास गेले आणि पाण्याच्या तापमानाचा काटा चढू लागला. पाणी गार करणाऱ्या रेडिएटरमधून सुटलेलं सोल्डर, म्हणजे सांधे जोडायचा धातू, तसलाच बारीक कचरा गाळणीत अडकला होता. घाण अडवायची गाळणी, तिनेच पाणी अडवलं! हॉकरने इंजिन मंद करून विमान नाकावर सोडलं, हिसक्याने कचरा हलावा म्हणून. एकदा जमलं. पुन्हा तुंबलं, तेव्हा मात्र काही केल्या सुटेना. पाणी उकळून वाफ होत बाहेर चाललं. दिवस उजाडल्यावर 'मेरी' नावाचं डॅनिश जहाज दिसलं आणि त्याच्याजवळ विमान समुद्रात उतरवलं. दोघे वाचले. पण मेरीवर वायरलेस नव्हता! इकडे हॉकरच्या बायकोला ब्रिटनच्या राजाचा सांत्वनाचा संदेशही पोचला. २५ मेला मेरी स्कॉटलंडच्या लुइस बेटापाशी आली आणि निशाणं दाखवून तिने किनाऱ्याला कळवलं, दोघे जिवंत आहेत. बातमी पक्की व्हायच्या आत श्रद्धांजली वाहायची घाई आजचीच आहे असं समजू नका.

आता मुद्दा. तापमानाचा काटा उष्णता सांगतो, पाणी किती उरलं ते सांगत नाही. उलट पातळी खाली गेली, त्याचं पाण्यातलं टोक कोरडं पडलं, की काटा उतरूही शकतो, आणि वैमानिक निश्चिंत. त्यात दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांनाच उकळतं.

म्हणून पातळीचाच इशारा हवा. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, तसा पितळेचा पोकळ तरंगगोळा इंजिनाच्या वरच्या टाकीत बसवायचा. गोळा खाली आला की तारेची दोन टोकं जुळतात, वैमानिकापुढे लाल दिवा लागतो. ऐकायला सोपं. पण विमान कलतं, पाणी एका बाजूला जातं, दिवा उगाच लुकलुकतो. असा दिवा चार वेळा खोटा ठरला की पाचव्यांदा कोण बघतो? म्हणून गोळा टाकीच्या मधोमध, नळीत ठेवायचा. नळीला खाली बारीक भोकं, वर हवेला वाट. वरची वाट विसरलात तर नळीतली पातळी टाकीशी जुळणार नाही. भोकं फार बारीक केलीत तर गंजाने बुजतील. पुन्हा हॉकरची गाळणी!

गोळ्याचा सांधा सुटला, आत पाणी शिरलं, तर तो बुडतो आणि दिवा लागतो. ही चूक परवडते. तार तुटली तर दिवा कधीच लागत नाही, ही परवडत नाही. तपासणीच्या बटणाने फक्त दिव्याचा बल्ब चालतो का ते कळतं, तरंगगोळ्याचं नाही. तो तपासायचा तर विमान जमिनीवर सपाट उभं असताना, इंजिन गार झाल्यावर, टाकीतलं पाणी लिटर-लिटर मोजून काढायचं आणि दिवा कितव्या लिटरला लागला, ते वहीत टिपून ठेवायचं.