घायपातीचा गड्डा आणि अपाचेंचं वर्ष

'अपाचे' म्हटलं की आपल्याकडे आधी मोटारसायकल आठवते, मग हेलिकॉप्टर आणि वाचनाची आवड असेल तर अपाचे लढवय्या जेरोनिमो. तिन्हीकडे वेग आणि लढाई. आज लढाईबद्दल थोडं आणि खाण्याबद्दल जास्त बोलू. अपाचे म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्य भागातले मूळ रहिवासी. १८७० नंतर त्या लोकांवर नेमकं काय कोसळलं, ते चुलीच्या बाजूने पाहिलं तर लवकर उमगतं.

हे नावसुद्धा त्यांचं नव्हे. बहुधा झुनी या शेजारच्या लोकांच्या भाषेतल्या 'शत्रू' या अर्थाच्या शब्दावरून ते स्पॅनिशांनी उचललं. ते स्वतःला 'न्दे', 'इंदे' म्हणतात, म्हणजे माणसं. भाषा अथाबास्कन कुळातली. नवाहो ही तिची सख्खी बहीण आणि बाकीचं गणगोत थेट कॅनडा-अलास्कात, त्यावरून पूर्वज उत्तरेकडून उतरले हे कळतं. पश्चिमी अपाचे, चिरिकाहुआ, मेस्कालेरो, हिकारिया, लिपान, मैदानी अपाचे असे त्यांचे गट. सगळ्यांचा मिळून एक राजा कधीच नव्हता. यातली दोन नावं स्वयंपाकघरातून आली आहेत. हिकारिया हे नाव छोट्या वाटीसारख्या टोपलीवरून पडलं आणि मेस्कालेरो म्हणजे मेस्कल खाणारे.

हे मेस्कल म्हणजे बाटलीतली दारू नव्हे. ते अगेव्ह, आपल्या बांधावरच्या घायपातीचं भावंड. पानं काटेरी आणि मधोमध गड्डा. दहा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त, हे झाड गड्ड्यात साखर साठवतं. मग एकदाच उंच तुरा काढतं, फुलतं आणि मरतं. म्हणून काढणीची वेळ नेमकी गाठावी लागते. वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत, तुरा नुकता डोकं वर काढू लागतो तेव्हाच गड्डा सर्वांत गोड असतो. तुरा पुरुषभर वाढला की साखर त्यात गेली. मागे उरतो तो चोथा. आधी काढला तर गोडी भरलेलीच नसते. हेरण्याचं हे काम बायकांचं आणि त्यात चूक झाली तर पुढची सगळी मेहनत फुकट.

ओकच्या लाकडाचा, टोकाला छिन्नीसारखा चपटा केलेला हातभर-दीड हात दांडा घ्यायचा, तो बुंध्याखाली लावून दगडाने ठोकायचा आणि गड्डा उचकटायचा. पानं रुंद सुरीने छाटायची. सोललेला गड्डा भल्या मोठ्या पांढऱ्या कांद्यासारखा दिसतो, वजन सहज पाच-दहा किलो. कच्चा चीक अंगाला लागला की पुरळ उठतं, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळू-सुरणाने घसा खवखवतो तो याच स्फटिकांमुळे. बुंध्याभोवतीची पिल्लं जागेवरच सोडतात. पुढचं पीक तीच.

खड्डा सात ते बारा फूट रुंद आणि तीन-चार फूट खोल. तळाला दगडांचा थर. दगडाची निवडही विचारपूर्वक. नदीतला ओला गोटा तापून फुटतो, चुनखडी ठिसूळ होते. त्यावर ओक आणि जुनिपरची लाकडं रचून पहाटे पेटवतात. जुन्या वर्णनांत रचलेल्या लाकडांवर पाणकणसाचा पराग शिंपून प्रार्थना करणं आणि सर्वांत लहान मुलाने पूर्वेला उभं राहून चार दगड खड्ड्यात टाकणं येतं. चार हा त्यांचा पूर्णत्वाचा आकडा. दुपारपर्यंत ज्वाळा विझून नुसते रसरशीत दगड उरले पाहिजेत. निखाऱ्यात धूर करणारी अर्धकच्ची लाकडं राहिली, तर मालाला कडवट वास लागतो.

मग ओलसर गवताचा जाड थर, त्यावर गड्डे, वर पुन्हा गवत आणि शेवटी माती. कुठूनही वाफ निसटता कामा नये. दिसली तिथे लगेच मातीचा ढेकूळ. गवत कमी पडलं तर खालचे गड्डे करपतात, माती कमी पडली तर वरचे कच्चे राहतात. रायगडची पोपटी अर्ध्या-पाऊण तासात निघते. इथे एक ते चार दिवस थांबावं लागतं, कारण गड्ड्यातली साखर फ्रुक्टनच्या लांब साखळ्यांत अडकलेली असते आणि ती आपल्या पोटाला पचत नाही. दीर्घ, दमट उष्णतेने त्या साखळ्या तुटून फ्रुक्टोज सुटतं. पांढरा गड्डा काकवीच्या रंगाचा झाला की साधला. मधे उघडून पुन्हा झाकला, तर गेलेली आच परत येत नाही.

काही ताजं खायचं, बाकीचं कुटून पातळ पोळ्या थापायच्या आणि उन्हात वाळवायच्या. वरून त्याचाच रस फासला की चकाकी येते आणि त्या महिनोन्‌महिने टिकतात. पाण्यात भिजवल्या की जेवण तयार.

आता याला वर्षाच्या चक्रात बसवा. वसंतात मेस्कल, मग डोंगरातल्या शेतात मक्याची पेरणी, जूनअखेर सग्वारो निवडुंगाची फळं, जुलै-ऑगस्टमध्ये एमरी ओकची बोंडं, शरदात मक्याची कापणी आणि पिन्यन पाइनच्या बिया, हिवाळ्यात खालच्या उबदार खोऱ्यात मुक्काम. याला सर्रास 'भटकंती' म्हटलं जातं, ते मला पटत नाही. कुठल्या उतारावर कोणत्या पंधरवड्यात पोहोचायचं हे ठरलेलं होतं.

१८७१-७२ पासून अमेरिकी सरकारने ॲरिझोनातल्या सान कार्लोससारख्या राखीव क्षेत्रांत लोकांना कोंडलं. प्रत्येकाला गटाचं अक्षर आणि क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला. ठरल्या दिवशी हजेरी, तेव्हाच पीठ आणि गोमांसाचा शिधा. मेस्कलला आठवडाभर जायचं तर परवानगी हवी, नाहीतर तुम्ही 'पळालेले'. १८८५च्या मे महिन्यातल्या जेरोनिमोच्या बंडामागेही इतर कारणांसोबत मोड आणलेल्या मक्याच्या तिस्विन या पेयावरची बंदी होतीच. जेरोनिमो ४ सप्टेंबर १८८६ ला शरण आला. त्यानंतर त्याच्या गटाचे, म्हणजे चिरिकाहुआ, लोक २७ वर्षं युद्धकैदी होते. आधी फ्लोरिडा, मग अलाबामा, मग ओक्लाहोमातला फोर्ट सिल. अमेरिकी लष्करासाठी वाट काढणारे अपाचे स्काउटही त्यांच्यासोबत कैदेत गेले, हे फारसं कुणी सांगत नाही. १९१३ मध्ये सुटका झाली तेव्हा बहुतेकजण मेस्कालेरो राखीव क्षेत्रात गेले, काही ओक्लाहोमातच राहिले.

एमरी ओकची बोंडं आजही गोळा होतात. इतर बऱ्याच ओकच्या बोंडांत टॅनिन इतकं असतं की अनेकदा पाणी बदलून ते धुवावं लागतं. एमरीचं बोंड मुळातच सौम्य. फोडायचं, वाळवायचं, पाट्यावर दळायचं. मांस मऊ शिजवून बारीक करतात, त्यात हे पीठ आणि रस्सा कालवतात. मुलगी वयात आली की होणाऱ्या चार दिवसांच्या सूर्योदय सोहळ्यात कुटुंबं एकमेकांना जेवण देतात, तेव्हा या रश्श्याला मान असतो. मुलगी हरणाच्या कातड्याचा पोशाख घालून, कपाळाशी शिंपला बांधून, काठी घेऊन नाचते. लोक तिला पाणकणसाच्या परागाने आशीर्वाद देतात.

असे सोहळे आणि ही ओकची झाडं जिथे एकत्र आहेत ती एक जागा म्हणजे ॲरिझोनातलं ओक फ्लॅट. १९५५ मध्ये आयझेनहॉवर सरकारने तिथे खाणबंदी केली होती. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात जोडलेल्या कलमाने ही सुमारे २,४०० एकर जमीन तांब्याच्या खाणीसाठी अदलाबदलीत द्यायचं ठरलं. तिथलं खनिज खालून पोखरून काढायचं आहे. वरची जमीन खचून सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि तीनशे मीटर खोल खड्डा पडेल. अपाचे स्ट्राँगहोल्ड ही संघटना याविरुद्ध न्यायालयात गेली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला, न्यायमूर्ती गोर्सच आणि थॉमस यांनी असहमती नोंदवली. धार्मिक स्वातंत्र्य हा खटल्याचा कायदेशीर मुद्दा होता. न्यायालयात तो तसाच मांडावा लागतो, कारण बोंडं कुठे वेचायची आणि कोणत्या महिन्यात, यासाठी तिथल्या कायद्यात वेगळं कलम नाही.